माळ्यावरच्या ६४ कॅसेटी : प्रकल्प नोंदी

६ एप्रिल २०२५, हर्णे

चाचांच्या माळ्यावरून तीन खोकी खाली घेतली. दोन पुठ्ठ्याची, तिसरी आंब्याची लाकडी पेटी. एका पुठ्ठ्याचा तळ हातात आला आणि कॅसेटी जिन्यावरून घरंगळत थेट पडवीत. कोंबड्या पळाल्या. मोजल्या तर ६४, सगळ्या व्हीएचएस.

चाचा १९८५ साली कुवेतहून परत आले ते व्हीसीआर घेऊनच. बंदराच्या रस्त्यावर व्हिडिओ लायब्ररी टाकली, ती केबल येईपर्यंत चालली. हिंदी सिनेमांच्या कॅसेटी पुढे विकल्या गेल्या, काही मेंबरांनी परतच केल्या नाहीत. कोणी घेईना ते उरलं, म्हणजे मालिका. मला कॉम्प्युटरवर उतरवायला हव्यात त्याच.

२०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळात समुद्राकडची कौलं उडाली आणि ही खोकी दोन दिवस भिजली. चाचीने कॅसेटी सुक्या मासळीसारख्या अंगणात पसरल्या, मग पुन्हा माळ्यावर. वाळवल्या हे बरं, कडक उन्हात वाळवल्या हे वाईट. पण त्या आठवड्यात गावात डोक्यावर छप्पर कोणाच्या होतं? तिला काय बोलणार.

मुदत मृगापर्यंत, ७ जून. त्यानंतर आमच्याकडे बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तिथे फितीचं काय.

९ एप्रिल

वर्गवारी केली. प्रत्येक कॅसेटीच्या खिडकीवर टॉर्च तिरपा धरायचा. फितीच्या कडेवर पिठासारखं पांढरं दिसलं की बुरशी. २२ स्वच्छ, ३१ बुरशीवाल्या, ११ अशा की आत फीत एकमेकींना चिकटून वडीच झालीय.

लेबलं तीन लिप्यांत. चाचांचं अक्षर : ‘तनहाई १’, ‘धूप २’, ‘५०-५०’, ‘हम लोग + न्यूज’, ‘इंग्रजी हॉटेलवाला’. एकावर नुसतंच ‘जेद्दा, पोरांचं’.

पेटीच्या तळाशी मेंबरांचं रजिस्टर मिळालं. पानं कसरीने खाल्लेली, पण ‘तनहाई’समोर सह्यांची रांग आहे. होडीवाले, शाळामास्तर, एक डॉक्टर, पाजपंढरीची तीन घरं.

१३ एप्रिल

सीसीटीव्हीच्या कामाला सुट्टी, म्हणून दिवसभर व्हीसीआर उघडून बसलो. रबरी बेल्टचा डांबरासारखा चिकट गोळा झालेला. ग्रीस मेणासारखं घट्ट. बेल्ट आधीच मागवून ठेवले होते ते बसले. फीत ओढणारा पिंच रोलर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसला, मग ड्रम साफ केला, म्हणजे फितीवरचं चित्र वाचणारी हेडं ज्यावर असतात तो. ड्रम साफ करताना कापूस वापरायचा नाही, धागा हेडमध्ये अडकतो. साधा प्रिंटरचा कागद अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला टेकवायचा आणि ड्रम हाताने आडवा फिरवायचा. कागद वरखाली हलवला तर हेड तुटलंच समजा. भाच्याला हे तीनदा सांगितलं, चौथ्यांदा त्यानेच मला ऐकवलं.

हे मशीन गल्फचं, पुढच्या बाजूला टीव्हीच्या सिस्टिमचं बटण आहे, देशोदेशी वेगळी असते ती : पाल, मेसेकॅम, एनटीएससी. तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही.

दुसरा एक मोडका व्हीसीआर दापोलीच्या भंगारवाल्याकडून आणला. तो बळीचा बकरा. बुरशीवाल्या कॅसेटी आधी त्यात पुढेमागे फिरवायच्या, चांगल्या मशीनला हात लावू द्यायचा नाही. ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घेतो आणि हेडची फट डोळ्याला दिसतही नाही. बुरशीची चिमूटभर पूड तिथे बसली की चित्र गेलं, नुसत्या मुंग्या.

१९ एप्रिल

पहिली कॅसेट आत. ‘हम लोग + न्यूज’. भाच्याने श्वास रोखून धरला होता, मी पण. मुंग्या, मग चित्र वर सरकत सरकत थांबलं. ट्रॅकिंग फिरवलं. अशोककुमार आले!

‘हम लोग’ ७ जुलै १९८४ ला सुरू झाली, दीडशेहून जास्त भाग झाले. मनोहर श्याम जोशींचं लेखन. पण कल्पनेचं मूळ मेक्सिकोत. तिथे मिगेल साबिदो टीव्ही मालिकांतून साक्षरता, कुटुंबनियोजन असले विषय गोष्टीत मिसळून सांगत होते. आपले तेव्हाचे नभोवाणीमंत्री वसंत साठे मेक्सिकोला जाऊन आले आणि ते बी दिल्लीत रुजलं. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द सांगायचे. या कॅसेटीत त्यांचं बोलणं अर्ध्यावर तुटतं. रेकॉर्ड करणाऱ्याने मालिका संपली असं समजून बटण दाबलेलं. पुढे सात मिनिटं बातम्या, तेही चुकून. मला त्या बातम्याच जास्त आवडल्या.

कॅप्चर ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं, दाबून, पण चित्रातलं काही न गमावता. तासाला तीसेक जीबी जातात. हार्ड डिस्क आणखी एक लागणार.

२४ एप्रिल

‘तनहाई १ ते ४’ पूर्ण.

मूळ नाव ‘तनहाइयाँ’, पाकिस्तान टेलिव्हिजन, १९८५. लेखिका हसीना मोइन, दिग्दर्शक शहज़ाद खलील. आईवडील गेल्यावर दोन बहिणी, ज़ारा आणि सनिया, वडिलांचं विकलं गेलेलं घर परत मिळवायचा ध्यास घेतात. शहनाज़ शेख आणि मरीना खान. गोष्ट दुःखाची, पण हसीनाबाईंची माणसं बोलायला लागली की हसू फुटतं. बेहरोज़ सब्ज़वारीचा क़बाचा तर चाचांच्या घरात अजून पाहुण्यासारखा वावरतो. चाचींच्या एका भाच्याचं घरातलं नावच क़बाचा पडलंय.

प्रिंट वाईट. ही कॉपीची कॉपी, बहुधा चौथी पिढी : कराचीत कोणी रेकॉर्ड केलं, दुबईत कॉपी, कुवेतमध्ये पुन्हा कॉपी, आणि शेवटची हर्ण्यात दोन व्हीसीआर जोडून. व्हीएचएसला रंग नीट धरून ठेवता येत नाही आणि दर कॉपीला तो आणखी पसरतो. ओठांचा लाल रंग गालावर उतरलाय.

तिसऱ्या कॅसेटीत एका जागी, जेमतेम मिनिटभर, चित्रावर आडव्या रेघा. मला वाटलं बुरशी. उघडून पाहिलं तर फीत तिथे झिजलीय. चाचीला विचारलं. ती म्हणाली, “ती जागा मेंबर लोक मागे घेऊन घेऊन बघायचे. परत आणून दिली की चाचा ओरडायचे आणि मग स्वतः तीच बघायचे.”

चाचा आतून म्हणाले, “खोटं.”

२६ एप्रिल

भाच्याचा प्रश्न, “मामा, हे सगळं नेटवर आहे ना? मग?”

रास्त आहे. ‘तनहाइयाँ’ या कॅसेटीपेक्षा चांगली नेटवर मिळाली असती. पण दोन भागांच्या मध्ये कुवेतमधल्या कोणाच्या तरी दिवाणखान्यातला आवाज शिरलाय, चहाचे कप आणि एक मूल. तो कुठल्या नेटवर मिळेल?

आणि ज्यांचं होतं त्यांनी तरी नीट कुठे ठेवलं? बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकात आपल्याच मालिकांच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या, कारण दोन इंची टेप महाग होती आणि जुनं परत कोण बघणार असा हिशेब. ‘डॉक्टर हू’चे शंभराहून जास्त भाग असे गेले. त्यातले नऊ २०१३ मध्ये परत मिळाल्याचं जाहीर झालं. सापडले कुठे, तर नायजेरियातल्या जोस नावाच्या शहरात, एका टीव्ही केंद्राच्या फडताळात. लंडनने फेकलं ते जोसने ठेवलं. हरवलेल्या भागांचा आवाज मात्र सगळाच शिल्लक आहे, कारण तेव्हाच्या पोरांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून तो उतरवला होता.

याच्या उलट अमेरिकेतली विनोदी मालिका ‘आय लव्ह लूसी’. १९५१ ची, पण आज काचेसारखी स्वच्छ. त्यातले नवराबायको लूसील बॉल आणि डेझी आर्नाझ यांना कॅलिफोर्निया सोडून, तेव्हा मालिका जिथून थेट प्रसारित व्हायच्या त्या न्यूयॉर्कला जायचं नव्हतं. म्हणून तीन कॅमेरे लावून, समोर प्रेक्षक बसवून, ३५ मिमी फिल्मवर चित्रण केलं. खर्च वाढला तर त्यांनी मानधन कमी घेतलं आणि बदल्यात मालकी मागून घेतली. वाहिनीने हसत हसत दिली. पुढे पुन:प्रक्षेपणाचा पैसा कोणाकडे गेला ते सांगायला नको.

भाचा म्हणाला, “म्हणजे चाचा आपले नायजेरिया.” चाचांना सांगितलं नाही.

२ मे

बुरशी. आठवडाभर हेच.

पद्धत ठरली. कॅसेट आधी दोन दिवस डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, म्हणजे बुरशी सुकून झटकली जाते. मग पडवीत, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, तोंडाला मास्क. मागचे पाच स्क्रू काढायचे, रिळं उचलायची, नव्या कवचात घालायची. मग बळीच्या बकऱ्यात, फितीच्या वाटेत दोन्ही बाजूंना अल्कोहोलचं मऊ कापड धरून सावकाश पूर्ण फिरवायची. तीन तासांच्या कॅसेटीत अडीचशे मीटरहून जास्त फीत असते. कापड दर पाच मिनिटांनी बदलायचं, कारण ते पीठ चाळल्यासारखं पांढरं होतं.

१७ झाल्या. दोन तुटल्या, चिकटपट्टीने मागच्या बाजूने जोडल्या. चिकटपट्टी म्हणजे फितीसाठी मिळते तीच. घरातली लावली तर डिंक ओघळून थेट हेडवर.

पाकिस्तान टेलिव्हिजनच्या ‘५०-५०’च्या दोन्ही कॅसेटी वाचल्या. इस्माईल तारा, माजिद जहांगीर. छोटे छोटे विनोदी प्रवेश, १९७८ पासूनचे. चाचा पुढचं वाक्य आधीच म्हणतात.

८ मे

सीमेवर तणाव, घराघरांत बातम्या चालू. आज ओटीटीवाल्यांना पाकिस्तानी मालिका वगैरे काढून टाकायची सरकारी सूचना आली. चाचांनी विचारलं, “मग तुझं काम बंद काय?”

म्हटलं, ही घरातली कॅसेट आहे, घरच्यासाठी उतरवतोय, कुठे चढवत नाही. तसंही हक्क आपले नाहीत, मी सुरुवातीपासून हेच धरून चाललोय. पण ‘धूप किनारे’च्या कॅसेटी पुढे ढकलल्या. चाचीला आज त्यात मन लागेना. त्याऐवजी ‘इंग्रजी हॉटेलवाला’ लावला.

हा निघाला ‘फॉल्टी टॉवर्स’, बीबीसीची विनोदी मालिका. विकतची कॅसेट, तीन भाग, दुबईहून कोणीतरी आणलेली. सगळे मिळून फक्त बारा भाग : सहा १९७५ मध्ये, सहा १९७९ मध्ये. तिचा लेखक आणि नट जॉन क्लीझ १९७० साली आपल्या ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी चमूबरोबर इंग्लंडमधल्या टॉर्कीला एका हॉटेलात उतरला होता. तिथला मालक गिऱ्हाइकांवर इतका खेकसायचा की बाकीचे दुसरीकडे गेले, हा मात्र राहिला आणि बघत बसला. त्यातून बेझिल फॉल्टी. समुद्रकाठचं गाव, आलेला पाहुणा ही मालकाला कटकट, बायकोचा धाक, आणि भाषा न समजणारा बार्सिलोनाचा वेटर मॅन्युएल.

मुरूडचा एक होम स्टेवाला मित्र बसला होता. पहिली दहा मिनिटं त्याला इंग्रजी समजेना. मग बेझिल फोनवर बोलता बोलता पाहुण्यावर डाफरला आणि हा खुर्चीतून खाली. म्हणाला, “हा मी आहे. शनिवारी पुण्याचे आले, लाईट नाही, पंपाला पाणी नाही, आणि विचारतात सोलकढीत साखर का नाही.” बहुतेक भागांच्या सुरुवातीला हॉटेलच्या पाटीवरची अक्षरं कोणीतरी इकडची तिकडे करतं, तेही त्याला फार आवडलं. त्याच्या पाटीतला काना गेली दोन वर्षं पडलेलाच आहे.

चाचीलाही हसू आलं. इंग्रजी येत नाही तिला.

११ मे

संध्याकाळी काम नाही, लाईट गेलेली. चाचा बोलत बसले.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पण इथे ते दिसायला किती तरी वर्षं बांबूवर बांबू बांधावे लागले. एकाने वर चढायचं, खालच्याने ओरडायचं, “आलं... गेलं... होतं तिथेच ठेव!” मुंबई दूरदर्शनवरचा ‘चिमणराव’, प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ, चाचांनी असाच एका ओळखीच्याकडे पाहिला, अर्धा मुंग्यांत. लायब्ररीत मेंबर तो मागायचे. तो कुठून देणार? त्या काळी इथे कोणाच्या घरी व्हीसीआर होता!

मग म्हणाले, मे महिन्यात, पाऊस यायच्या आधीच्या तापलेल्या रात्री, अँटेना समुद्राकडे फिरवली की कधी कधी भलतंच चित्र यायचं, खाली अरबी अक्षरं. लोक थाप मानायचे.

थाप नसावी. या दिवसांत समुद्रालगतची हवा दमट, गार आणि तिच्यावर जमिनीकडून आलेली कोरडी, गरम हवा, असे थर बसतात. वरचा थर झाकणासारखा काम करतो, लहर आकाशात निसटायच्या ऐवजी पाण्याच्या अंगाने वाकत पुढे जाते, पन्हळीतून पाणी जावं तशी. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर याच ऋतूत अरबस्तानचा किनारा दिसला होता.

चाचा म्हणाले, “बघ, मुंबई आमच्याकडे चढून आणायला लागायची. गल्फ आपोआप यायचा. कधी हवेतून, कधी बॅगेतून.”

१६ मे

‘जेद्दा, पोरांचं’.

चाचींचे भाऊ जेद्दाला होते. भाचीसाठी, म्हणजे चाचांच्या मुलीसाठी, तिकडच्या टीव्हीवरून रेकॉर्ड करून पाठवलेली ही कॅसेट. स्वच्छ. पण चित्र कृष्णधवल. चाची म्हणते ते तसंच आहे, पहिल्यापासून, जुना कार्यक्रम.

पाचव्या मिनिटाला ओळखलं. ‘इफ्तह या सिमसिम’. न्यूयॉर्कच्या ‘सेसमी स्ट्रीट’ची अरबी आवृत्ती, १९७९ पासूनची, आखाती देशांनी मिळून कुवेतमध्ये तयार केलेली. सगळ्या देशांतल्या पोरांना समजावं म्हणून बोली टाळून प्रमाण अरबी. नावाचा अर्थ आपल्याकडे कोणालाही सांगायला नको : तिळा तिळा, दार उघड.

१९७९ चा कार्यक्रम कृष्णधवल कसा असेल? झोप लागेना.

१८ मे

सापडलं. आणि उत्तर महिनाभर समोर होतं, व्हीसीआरच्या पुढच्या बटणावर.

भारत पाल, कुवेत पाल, पण सौदी तेव्हा सेकॅम. फ्रेंचांची पद्धत. ओळी तितक्याच, ६२५, चित्रंही सेकंदाला २५, म्हणून उजेड-अंधार आपल्या टीव्हीला बरोबर समजतो. रंग पाठवायची रीत मात्र वेगळी, ती आपल्या टीव्हीला कळत नाही, मग तो रंग सोडूनच देतो. व्हीसीआर गल्फचा, त्याला दोन्ही यायचं. चाचांचा टीव्ही इथला, त्याला एकच.

व्हीसीआर आणि कॉम्प्युटरच्या मधला डीव्हीडी रेकॉर्डर काढला, त्यालाही सेकॅम येत नव्हतं. व्हीसीआरची तार थेट कॉम्प्युटरच्या कॅप्चर कार्डात. बटण मेसेकॅमवर, म्हणजे व्हीएचएसवरचं सेकॅम. कॅप्चरच्या यादीत पालच्या बऱ्याच खाली ‘सेकॅम’ होतं, ते निवडलं.

अनीसचं तोंड नारिंगी झालं. बद्र पिवळा. हे दोघे म्हणजे तिकडचे एर्नी आणि बर्ट. मागे निळं काहीतरी केसाळ बिस्किटं खात होतं. भाचा ओरडला तो शेजारच्या वाडीत ऐकू गेला असेल.

आपाला, म्हणजे चाचांच्या मुलीला, दुबईला व्हिडिओ कॉल लावला, फोन टीव्हीसमोर धरला. ती काही बोलेना. मग तिने वाहिद, इथनैन, सलासा असे दहापर्यंत आकडे म्हटले, बाहुल्यांच्या आधी. तिकडे ऑफिसात तिला अरबी कुठे शिकलीस विचारतात, तेव्हा ती हर्णे सांगते.

चाची मात्र गप्प. कॉल संपल्यावर म्हणाली, “छान आहे. पण आमच्या घरातलं ते हे नाही. काळंपांढरं पण ठेव.”

म्हणून दोन फायली. पालवर पुन्हा लावून पूर्ण उतरवली. ‘जेद्दा_रंगीत’ आणि ‘जेद्दा_चाची’. साठ जीबीच्या वर गेली एकच कॅसेट, जाऊ दे.

२० मे

पाऊस. मे महिन्यात! वळवाची सर म्हणून हसलो, तर थांबायचं नावच नाही.

२२ मे

अजून पाऊस. आंबा झाडावर भिजतोय, बागवाल्यांचे चेहरे बघवत नाहीत, माझ्या कॅसेटींचं काय घेऊन बसलात. ‘धूप किनारे’च्या दोन कॅसेटी घाईत उतरवल्या. १९८७ ची, पुन्हा हसीना मोइन, दिग्दर्शन साहिरा काज़मी, कराचीतलं हॉस्पिटल. राहत काज़मींचा डॉ. अहमर आणि मरीना खानची डॉ. ज़ोया. चाची पूर्ण वेळ बसली. तिसरी लावताना मशीनने दमट हवेचा इशारा देऊन कॅसेट बाहेर ढकलली. ड्रमवर दव धरलं की फीत ड्रमला चिकटते, म्हणून ही सोय. तासभर टेबलफॅनसमोर ठेवून पाहिलं, पुन्हा तेच.

२६ मे

मोसमी पाऊस आजच मुंबईत पोचल्याची बातमी. इतक्या लवकर आल्याची नोंद नाही म्हणतात. माझी ७ जूनची मुदत वाहून गेली.

हिशेब : उतरवलेल्या ४१. वडी झालेल्या ११, त्यांना हात लावलेला नाही. उरल्या १२, त्यात ‘धूप’ ३ आणि ४. आता दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की.

तोवर बल्बवाल्या लाकडी कपाटात ठेवायच्या असं ठरलं होतं. चाचांच्या कागदपत्रांसाठी त्यात पावसाळाभर बल्ब जळतो. पण सकाळपासून लाईट नाही, म्हणजे बल्बही नाही. चाचीने काही न बोलता कुळथाचा पत्र्याचा मोठा डबा रिकामा केला, आतून पुसला, चुलीजवळ तासभर उपडा ठेवला आणि माझ्यासमोर आणला. तळाशी सिलिकाच्या पुड्या, वर कॅसेटी उभ्या. नऊ बसल्या. झाकणावर चिकटपट्टी मारून डबा चुलीच्या खोलीत, फळीवर.

उरलेल्या तीन मी रेनकोटच्या आतून घरी घेऊन चाललोय. त्यात ‘धूप ३’ आहे. चाचीने दारातून दोनदा विचारलं, नक्की तीच घेतलीस ना.